विश्लेषण : चर्च म्हणजे संस्था की माणसे? टिळकांचा ‘देवाचा दरबार’ आज का आठवावा?

रविवारची उपासना, सभासदांची नोंदवही, धर्मगुरू, विश्वस्त मंडळ, जमीनजुमला... चर्च म्हटले की हे सारे डोळ्यांपुढे येते. पण हे सगळे बाजूला ठेवले तर ख्रिस्ती समाज म्हणून काय उरते? या प्रश्नावर आज जगभर मंथन सुरू आहे. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपूर्वीच एका मराठी कवीने विचारला होता.

टिळकांचा आक्षेप काय होता?

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. मिशनने शाळा काढल्या, दुष्काळात आधार दिला, हे त्यांना मान्य होते. पण मिशनरी मायबाप आणि एतद्देशीय ख्रिस्ती लेकरू, हे नाते त्यांना खटकत होते. पैसा, निर्णय आणि उपासनेची पद्धत या तिन्ही गोष्टी बाहेरून येत राहिल्या, तर समाज स्वतःच्या पायावर उभा कसा राहणार, हा त्यांचा सवाल होता. म्हणूनच उपासनेत त्यांनी भजन-कीर्तनाला स्थान दिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

‘देवाचा दरबार’ म्हणजे काय?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ होता. चर्च मोडणे हा त्याचा हेतू नव्हता. नोंदवहीबाहेर राहिलेल्यांनाही आपले म्हणणारे कुटुंब त्यांना हवे होते.

मग तो टिकला का नाही?

मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार ओसरला. जेमतेम दोन वर्षांत त्याची घडी बसणे कठीणच होते. शिवाय एक तात्त्विक पेचही होता. बाप्तिस्मा हे चर्चचे प्रवेशद्वार. ते अनिवार्य नसेल, तर आतले कोण आणि बाहेरचे कोण? संस्था नको म्हणताना जबाबदारी कोणी घ्यायची, हिशेब कोणी ठेवायचा, वाद कोणी मिटवायचा, ही कामे उरतातच. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली चळवळ त्याच्या पश्चात चालवायला शेवटी काहीतरी रचना लागते.

पुढे काय बदलले?

निर्णय एतद्देशीयांच्या हाती येण्याची प्रक्रिया सुरू राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषांत मिस्सा होऊ लागली. वसईतील भाविकांना मराठीत प्रार्थना मिळाली, ती या बदलामुळेच.

सध्याची चर्चा कशावर आहे?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनॉड प्रक्रियेत धर्मगुरू आणि सामान्य भाविक यांनी एकत्र बसून ऐकणे आणि ठरवणे यावर भर होता. ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात महिलांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला. ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तावेजात धर्मग्राम पातळीवरील सल्लागार मंडळे, पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांचा आग्रह आहे. महिलांना उपयाजकपद द्यावे का, हा मुद्दा मात्र खुला ठेवण्यात आला.

याचा अर्थ काय?

उपासना मराठीत आली, कारभार स्थानिकांच्या हाती आला. पण मिशनरी मायबापांच्या जागी स्थानिक मायबाप आले, तर टिळकांचा आक्षेप तसाच राहतो. त्यामुळे कसोटी साधी आहे : चर्चचा हिशेब सामान्य सभासदाला पाहता येतो का, महिलांचे मत निर्णयात मोजले जाते का आणि नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला आत बसायला जागा मिळते का? दरबार उरला नाही. टिळकांची गीते मात्र मराठी चर्चमध्ये अजून गायिली जातात. ती गाणाऱ्यांनी हे तीन प्रश्न आपापल्या मंडळीत विचारायला हरकत नाही.