पागा आणि पागेची वही

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेले. खानदेशच्या मनात मात्र अशी सरहद्द पडलेली नाही. या बाजारात राजस्थानचे मारवाडी, सौराष्ट्राचे काठेवाडी आणि पंजाबकडील पांढरेशुभ्र नुकरा घोडे येतात. ग्राहक चाल पाहतो, दात पाहून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो. कंठावरचा देवमण शुभ मानतात. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा पंचकल्याणी म्हणवतो. (आपल्या पंचकल्याणक महोत्सवाशी या शब्दाची गल्लत होऊ नये; येथे प्रश्न केवळ रंगाचा आहे.) हे सारे डोळ्यांना दिसते. दिसत नाहीत ते घोड्याचे आईबाप, आणि पैदाशीसाठी घोडी घेणारा मुख्यतः त्यांचेच दाम मोजत असतो. विक्रीच्या पावतीने व्यवहार सिद्ध होतो, वंश सिद्ध होत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस हॉलमार्कने सांगितला जातो. घोड्याचा कस सांगण्याचे काम वंशावळीची नोंदवही करते. परंतु ही वही लिहायची कोणी? घोड्यांची पैदास करणाऱ्यांपैकीच काहींनी लेखणी हाती घेतली, ग्रंथ छापले आणि आपल्या पागेची कीर्ती देशोदेशी नेली. त्यांच्या चरित्रांत व्यापारी घराण्यांना सहज ओळखता येईल असा एक पेच आहे. माल विकणारा आणि मालाची ग्वाही देणारा एकच असेल, तर त्या ग्वाहीवर कर्ज किती द्यावे?

इंग्लंडमध्ये हा पेच आरंभी बऱ्याच अंशी टळला. १७९१ मध्ये जेम्स वेदरबी यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळींचे 'जनरल स्टड बुक' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. वेदरबी घराण्याचा व्यवसाय शर्यतींच्या नोंदी ठेवण्याचा व त्या छापण्याचा होता. आजच्या थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन पूर्वजांपर्यंत जाऊन पोहोचते, हे छातीठोकपणे सांगता येते ते अशा वहीमुळेच. भारतातील थरोब्रेड घोड्यांची अशीच वही पुण्यात ठेवली जाते. तथापि वही हातात असली की बाजारही हातात येतो. अमेरिकेत सट्टेबाजीवर निर्बंध आल्यावर तिकडचे घोडे इंग्लंडमध्ये येऊ लागले. तेव्हा १९१३ मध्ये असा नियम झाला की, ज्याचे सर्व पूर्वज आधीच्या खंडांत नोंदलेले आहेत तोच घोडा वहीत येईल. 'जर्सी अ‍ॅक्ट' या नावाने ओळखला जाणारा हा नियम म्हणजे कायदा नव्हता, केवळ वहीची अट होती; परंतु तिने अनेक अमेरिकी घोड्यांना इंग्रजी बाजारात 'अशुद्ध' ठरवले. ती अट १९४९ मध्ये शिथिल झाली.

अरबी घोड्यांची कथा याहून रंजक आहे. लेडी अ‍ॅन ब्लंट या कवी बायरनची नात आणि गणिती एडा लव्हलेस यांची कन्या. पती विल्फ्रिड ब्लंट यांच्यासह त्यांनी सीरिया व अरबस्तानच्या वाळवंटातून घोड्यावरून प्रवास केला आणि १८७८ पासून इंग्लंडमधील ससेक्स येथील क्रॅबेट पार्कमध्ये अरबी घोड्यांची पागा उभारली. 'बेदुइन ट्राइब्ज ऑफ द युफ्रेटिस' (१८७९) आणि 'अ पिल्ग्रिमेज टू नेज्द' (१८८१) हे त्यांचे प्रवासग्रंथ. बेदुइन लोक घोड्याचे कूळ मातेकडून मोजत आणि वंशावळ कागदावर न ठेवता स्मरणात ठेवत. टोळीतील जाणत्या माणसाची साक्ष हाच पुरावा. अ‍ॅन अरबी शिकल्या. घोडी कोणत्या कुळातील, कोणत्या टोळीकडून आली, हे विचारून त्या लिहून ठेवत. घोडी पळवण्याच्या एका अरबी लोककथेचे त्यांनी भाषांतर केले आणि विल्फ्रिड यांनी त्याला पद्यरूप दिले. ते १८९२ मध्ये छापले गेले. रोजनिशी लिहिण्याचा त्यांचा परिपाठ दीर्घकाळ चालला आणि १९८६ मध्ये त्यांच्या दैनंदिन्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. विकण्यासाठी लिहिलेले आणि स्वतःला कळावे म्हणून लिहिलेले यांत फरक असतो. अ‍ॅन यांच्या दैनंदिन्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, म्हणून त्यांना वजन आहे.

१९१७ मध्ये अ‍ॅन यांचे निधन झाले आणि पागेवरून विल्फ्रिड व कन्या जुडिथ यांच्यात कज्जा उभा राहिला. वाटणीचा वाद पागेतही तसाच, जसा पेढीत! अखेर पागा जुडिथ, म्हणजे लेडी वेंटवर्थ, यांच्याकडे राहिली. त्यांनी पोलिश पागेत जन्मलेला स्कोव्रोनेक हा पांढरा घोडा विकत घेऊन त्याचा मोठा गाजावाजा केला. 'द ऑथेंटिक अरेबियन हॉर्स' (१९४५) या त्यांच्या ग्रंथात आईच्या अपूर्ण हस्तलिखिताचाही उपयोग केलेला आहे. थरोब्रेडचे मूळ अरबी घोड्यातच आहे, हे त्यांनी हिरिरीने मांडले. ग्रंथ भव्य आहे, अभ्यास दांडगा आहे; तथापि ज्या स्कोव्रोनेकच्या वंशावळीविषयी जाणकारांत पुढे वाद झाले, त्याच्या संततीची विक्री हीच लेखिका करत होती, हे वाचकाला विसरता येत नाही.

इटलीचे फेदेरिको टेसिओ यांनी वेगळा मार्ग पत्करला. १८९८ मध्ये त्यांनी माज्जोरे सरोवराकाठी दोर्मेल्लो येथे पागा स्थापली. आपल्या घोड्या ते प्रामुख्याने दुसऱ्यांच्या पागेतील नरांकडे पाठवत. घरच्याच घोड्याचा मोह त्यांनी ठेवला नाही. १९३५ मध्ये जन्मलेला त्यांचा नेआर्को चौदा शर्यतींत अपराजित राहिला. त्यांनी तो १९३८ मध्ये साठ हजार पौंडांना विकून टाकला. आज जगभरातील बहुसंख्य थरोब्रेडच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. अनुभवाचे सार त्यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. त्यातील आनुवंशिकतेविषयीच्या काही कल्पना शास्त्राच्या कसोटीवर टिकलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. टेसिओ यांचे लेखन वादग्रस्त ठरले, परंतु त्यांची पैदास शर्यतीच्या मैदानावर उघडपणे पारखली गेली. त्यांचाच रिबो सोळाच्या सोळा शर्यती जिंकला. मात्र तो धावू लागण्यापूर्वीच, १९५४ मध्ये, टेसिओ निवर्तले होते.

सारंगखेड्याला सर्वांत जवळचे उदाहरण मारवाडी घोड्याचे. आत वळलेल्या कानांचा आणि रेवाल चालीचा हा घोडा संस्थाने विलीन झाल्यावर निराधार झाला. जमिनी गेल्या, पागा मोडल्या, उमदे घोडे ओझी वाहू लागले. जोधपूरच्या राजघराण्याने काही वंश सांभाळले. पुढे दुंडलोदचे रघुवेंद्र सिंह आणि फ्रान्सेस्का केली या परदेशी अश्वप्रेमी महिला यांनी मिळून या घोड्याची पैदास हाती घेतली व देशी घोड्यांसाठी संस्था स्थापन केली. केली यांनी छायाचित्रकार डेल डर्फी यांच्यासह मारवाडी घोड्यावर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो २००० मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केली यांनी काही मारवाडी घोडे अमेरिकेत नेले. देशी घोड्यांच्या निर्यातीवर निर्बंध असल्याने अशी परवानगी फारच थोड्यांना मिळाली. येथेही पैदास करणारा आणि ग्रंथ लिहिणारा एकच. परंतु या ग्रंथामुळे परदेशांत ज्याचे नावही फारसे ठाऊक नव्हते तो घोडा जाणकारांच्या चर्चेत आला.

नोंदवहीचे काम मात्र एकट्या ग्रंथकाराने होत नाही. मारवाडी घोड्यांच्या अधिकृत नोंदणीची व्यवस्था २००९ पासून सुरू झाली. तीत घोड्याची मापे व ओळखीच्या खुणा लिहिल्या जातात, जातीच्या निकषांवर तो पारखला जातो, छायाचित्र घेतले जाते आणि अंगावर शीतमुद्रेने क्रमांक उमटवला जातो. भोवरे आणि देवमण पाहून झाल्यावर सारंगखेड्याच्या ग्राहकाला हा क्रमांकही शोधता येतो, आणि तो नसेल तर भाव त्या हिशेबाने मागता येतो.