डाव्या बाजूचा गंज

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा विषयाची पंचाईत पडली. वैद्यकीय प्रगतीविषयी लिहावे, तर तरुण सहकारी माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक जाणतात; व्यवसायातील गमतीजमती लिहाव्यात, तर त्या दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच. निवृत्तीनंतर माझ्या हातून सलग दीड वर्षे एकच काम झाले आहे, तेव्हा त्याविषयीच लिहितो. रामाकोन्याच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, मी माझी १९९४ सालची मारुती ८०० पुन्हा उभी केली.

रामाकोना हे गाव अनेकांना ठाऊक नसेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर मागे टाकले की कन्हान नदीच्या परिसरात ते लागते. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, शेतात कापूस आणि संत्री. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि आमची सौंसर तहसील त्यात गेली. गाडीच्या पाटीवर मात्र छिंदवाड्याचा एम. पी. २८ हाच क्रमांक आहे. मालकाचा जिल्हा बदलला, गाडीचा बदलला नाही.

मी येथे दवाखाना थाटला तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती. नागपूर–छिंदवाडा ही छोटी लाईन होती. पुढे मोठ्या मापाचे रूळ टाकण्यासाठी ती २०१५ मध्ये बंद झाली. पण अत्यवस्थ रुग्णाला त्या गाडीच्या वेळेपर्यंत थांबवून ठेवणे शक्य नसे. म्हणून १९९४ मध्ये कर्ज काढून ही मोटार घेतली. वाहन कमी आणि रुग्णवाहिका अधिक, अशीच तिची नोकरी झाली.

या गाडीचा इतिहास आपल्या पिढीला परिचित आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या दिल्लीचे हरपाल सिंग यांना देण्यात आल्या. डी. आय. ए. ६४७९ हा त्या गाडीचा क्रमांक. हरपाल सिंग यांनी ती अखेरपर्यंत जवळ ठेवली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती घराबाहेर उभ्या उभ्या गंजत गेली; पुढे तिचा जीर्णोद्धार झाला आणि आता ती कंपनीच्या मुख्यालयात मानाने ठेवलेली आहे. जानेवारी २०१४ मध्ये हे मॉडेल बनणे थांबले, तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, बारा इंची चाके आणि चार माणसांची बेताची जागा. एवढ्या भांडवलावर या गाडीने मध्यमवर्गाला मोटार चालवायला शिकविले.

माझ्या गाडीच्या नोंदणीची मुदत २०१४ मध्ये संपली आणि ती पत्र्याच्या शेडखाली गेली. मुलाने दोनदा भंगारवाल्याला बोलावले. दोन्ही वेळा मी काहीतरी कारण काढून त्याला परत पाठविले. निवृत्त झालो तेव्हा कारणे संपली आणि हातांना कामही उरले नाही. एके दिवशी शेडचे दार उघडले, चाकांत हवा भरली आणि चौघांनी ढकलून गाडी अंगणात आणली.

माझ्या मनात होते ते पांढऱ्या शुभ्र रंगाचे चित्र. गावातील मिस्त्री ही गाडी पहिल्या दिवसापासून पाहत आलेले. मी त्यांना रंगाचा खर्च विचारला. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “रंगाचं मंग पाहू, डाक्टरसाहेब. पयले हे सांगा, गाडी थांबते का?” ब्रेकचा पायटा दाबून पाहिला, तो थेट तळाला टेकला. कामाचा क्रम त्या क्षणी ठरला. आधी थांबणे, मग चालणे, मग दिसणे.

पहिला नियम मिस्त्रींनी घालून दिला: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. चारही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्यावरच मी खाली गेलो. दुसरा नियम माझा होता. सुटलेला प्रत्येक स्क्रू आणि बोल्ट औषधांच्या रिकाम्या डब्यांत, वर चिठ्ठी चिकटवून ठेवायचा. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडताना धूळ फुंकून उडविण्यास मी सर्वांना मनाई केली. ओल्या फडक्याने पुसायचे, तोंडावर मास्क, आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. मिस्त्रींनी चाळीस वर्षे ती धूळ तोंडाने फुंकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सौंसरला गेलो आणि त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला. तो सुदैवाने निर्दोष निघाला.

ब्रेकचे जुने तेल काळे पडले होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि नळ्या आतून गंजतात. चाकांच्या सिलिंडरांतील रबरी वाट्या बदलल्या, लोखंडी नळ्या नव्या टाकल्या आणि यंत्रणेतील हवा काढण्याची वेळ आली. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला की पायट्याचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून आम्ही सुरुवात केली. बुडबुडे दिसावेत म्हणून मी सलाईनच्या संचाची पारदर्शक नळी कापून आणली. घरातून पायटा दाबायला आलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, “शिरेत हवा जाऊ नये म्हणून जन्मभर काळजी घेतली, आता गाडीचीही घ्या.”

मागचे डावे चाक जोडून झाल्यावर मिस्त्रींनी आतली चटई उचलली आणि ते थबकले. मागच्या आसनासमोर, डाव्या पायांच्या जागी, पत्रा पार सडला होता. बोट घातले तर खालची जमीन लागे. उजव्या बाजूचा पत्रा मात्र जवळजवळ धड होता. मिस्त्रींनी छत, दाराचे रबर, काचेची कड असे सर्व तपासले. “इथं पाणी कुठून आलं? छत तर कोरडं हाये.”

मला उत्तर सुचायला थोडा वेळ लागला. रुग्णाला मागच्या आसनावर आडवे करीत असू, डोके उजवीकडे नातेवाइकाच्या मांडीवर. कंपाउंडर पुढच्या डाव्या आसनावरून मागे वळून बाटली उंच धरीत. खड्ड्यात गाडी आदळली की सुई निसटे, जोड सुटे आणि थेंब पडत ते नेमके त्या जागी. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ते पाणी चटईखाली मुरत राहिले, सुकत राहिले आणि मीठ तेथेच साठले. हगवणीचे रुग्ण, अडलेल्या बाळंतिणी, विंचू चावलेली मुले. कितीजण त्या आसनावरून गेले याची नोंद माझ्या कोणत्याही वहीत नाही. पत्र्याने ती ठेवली होती.

तो गंज पाहिल्यावर एक रात्रही आठवली, जिच्याविषयी मी आजवर कोणाशी बोललो नव्हतो.

१९९९ चा पावसाळा होता. फवारणीचे औषध पोटात गेलेल्या एका तरुण शेतमजुराला रात्री दवाखान्यात आणले. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर. पोट धुतले, ॲट्रोपिन सुरू केले. परंतु श्वास मंदावत होता आणि श्वासाला आधार देण्याची सोय माझ्याकडे नव्हती. भावाच्या मांडीवर डोके ठेवून त्याला गाडीत घेतले आणि छिंदवाड्याकडे निघालो. सिल्लेवानीच्या घाटात इंजिनातून वाफ उसळली. रेडिएटरची वरची नळी फाटली होती. पाऊस, अंधार आणि चढ. चाळीस मिनिटांनी संत्र्यांच्या पेट्या नेणारा एक ट्रक थांबला. आम्ही पोहोचलो, चार तासांनी तो मुलगा गेला. सकाळी त्याच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

ते आभार मला पचले नाहीत, कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी मिस्त्रींनी ती नळी दाबून दाखविली होती. रबर फुगले होते, त्यावर बारीक चिरा होत्या. “बदलून घ्या,” असे ते म्हणाले होते. मी म्हणालो होतो, “पुढच्या आठवड्यात.” काम किरकोळ होते, बाहेर रुग्णांची रांग होती. चाळीस मिनिटे आधी पोहोचलो असतो तर तो वाचला असता असे मी म्हणत नाही. विषाचे प्रमाण मोठे होते. परंतु ती चाळीस मिनिटे त्याची होती आणि ती माझ्या आळसाने खर्च झाली.

सडलेल्या पत्र्याशेजारी उकिडवे बसून मी हे मिस्त्रींना सांगितले. ते पान्याला लागलेले ग्रीस पुसत होते. म्हणाले, “मले मालूम हाये, साहेब. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं गाडी म्याच ओढून आणली. नळी म्याच बदलली. तुमी काही बोलले नाही, म्हून म्याबी बोललो नाही.” पंचवीस वर्षे आम्ही एकमेकांना रोज नमस्कार करीत होतो.

त्यानंतरचे काम वेगळ्या रीतीने झाले. पेट्रोलची टाकी उतरविली, बॅटरीच्या तारा सोडल्या आणि मगच वेल्डरला बोलावले. त्याने सडका भाग चौकोनी कापून, निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे जाऊन नवा तुकडा जोडला. जखम साफ करतानाही आपण हेच करतो. सडलेल्या उतीवर टाके घालून उपयोग नसतो. वरून गंजरोधक प्रायमर आणि खालून डांबरी लेप दिला. त्या रात्री तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे डोके तेव्हाच एकदा घासून सपाट केले होते. ते सरळ आहे याची पट्टी लावून खात्री केली आणि नवे गॅस्केट घातले. दात असलेला टायमिंग पट्टा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि सर्व रबरी नळ्या नव्या घेतल्या. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. त्यामुळे कार्बोरेटरचे वायसर आणि इंधनाच्या नळ्याही बदलाव्या लागल्या. सुटे भाग नागपूरच्या बाजारात अद्याप मिळतात, कारण २०१९ पर्यंत बनलेल्या ओम्नीतही हेच इंजिन होते.

रेडिएटरमधील द्रव्याविषयी एक सूचना. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करते. उरलेला डबा मी औषधांच्या कपाटात, कुलपात ठेवला आहे. अंगणात नातवंडे आणि कुत्री दोन्ही असतात.

पंधरा वर्षांपलीकडच्या खासगी मोटारीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. मुलाने हिशेब मांडला: एकूण खर्चात एक बरी वापरलेली गाडी आली असती. हिशेब बरोबर आहे. मी तो नाकारला नाही.

सगळे जमल्यावर एका पहाटे मिस्त्रींना शेजारी बसवून घाट चढलो. पहिल्या चढाला दोघांचेही डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावर येऊन स्थिरावला. ते वळण आले तेव्हा मिस्त्रींनी काच खाली केली आणि बाहेर पाहिले. बोलले काही नाहीत. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वर नेली. माथ्यावर उतरून, झाकण उघडून, त्यांनी वरची नळी दोन बोटांनी दाबली, मग माझा हात धरून मलाही दाबायला लावली.

रुग्णांसाठी आता ही गाडी लागत नाही आणि लागू नये. तिच्यापेक्षा सोयीची वाहने रस्त्यावर आहेत. आठवड्यातून एकदा सौंसरच्या बाजाराला जाते, एवढेच. परंतु या दीड वर्षाने मला एक सवय लावली, तीच या निमित्ताने सहकाऱ्यांपुढे ठेवतो. आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात अशी एक नळी असते. लॅरिंगोस्कोपचा मंद झालेला दिवा, अंबू बॅगचे चिरलेले रबर, ऑक्सिजनच्या सिलिंडरची न सापडणारी किल्ली, मुदत संपलेले ॲड्रिनलिन. कोणीतरी कंपाउंडर किंवा परिचारिका आपल्याला ते सांगून गेलेली असते आणि आपण “पुढच्या आठवड्यात” म्हटलेले असते. हा अंक खाली ठेवल्यावर, कृपया, ती गोष्ट आजच करून टाकावी.