सारखे म्हणजे कशात सारखे?

दुपारच्या सुट्टीत बार रूममध्ये चहा घेत असताना एक वकीलमित्र मला म्हणाले, "वकीलसाहेब, आता सगळे सारखेच झालेत. तुम्ही काळा कोट घालता, आम्हीही घालतो. मग आरक्षण हवे कशाला?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कचेरीत, कॉलेजात, रेल्वेच्या डब्यात कुठे ना कुठे ऐकावा लागला आहे. आपण एक तर चिडतो, नाही तर गप्प बसतो. खरी गोम 'सारखे' या शब्दात आहे आणि तीच पकडली पाहिजे.

रोजच्या बोलण्यात हा शब्द आपण सैल वापरतो. दोघे भाऊ सारखेच, सगळे पुढारी सारखेच. कशात सारखे ते कोणी सांगत नाही आणि संसारात तेवढ्याने भागतेही. पण ज्या शब्दावर एखाद्या समाजाचा हक्क टिकणार किंवा जाणार, तो शब्द असा सैल सोडता येत नाही. विज्ञानही दोन गोष्टींना समतुल्य म्हणते, पण ते तीन प्रश्नांची उत्तरे देऊन म्हणते. कशात समतुल्य? कोणत्या मर्यादेत? आणि दोन्ही बाजूंनी काय?

पहिला प्रश्न घ्या. शाळेत आपण सममूल्य अपूर्णांक शिकलो. एकद्वितीयांश म्हणजेच दोनचतुर्थांश. अर्धी भाकरी काय आणि चारपैकी दोन तुकडे काय, पोटात जाते तेवढेच. मात्र भाकरी एकच असली पाहिजे. एकाची भाकरी तळहाताएवढी आणि दुसऱ्याची परातीएवढी असेल, तर दोघांना अर्धी-अर्धी मिळाली हे वाक्य खरे असूनही फसवे आहे. तीन पिढ्यांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी बसून मिळवलेले साठ टक्के आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे धाकटी भावंडे सांभाळत मिळवलेले साठ टक्के यांचा आकडा एकच आहे. पण भाकरी एक आहे काय? केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताचा रोख हाच होता की, मागासांसाठीची विशेष तरतूद ही समतेला अपवाद नसून समतेचाच एक भाग आहे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. १९०७ साली आईन्स्टाईनला एक विचार सुचला. खिडक्या नसलेली एक लिफ्ट जमिनीवर उभी आहे. आतल्या माणसाने चेंडू सोडला तर तो खाली पडतो. तीच लिफ्ट पृथ्वीपासून फार दूर अवकाशात नेऊन सतत वाढत्या वेगाने वर ओढली, तरी चेंडू तसाच खाली पडताना दिसेल. आपण जमिनीवर आहोत की अवकाशात, हे आतल्या माणसाला सांगता येणार नाही. यालाच समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात आणि १९१५ चा व्यापक सापेक्षता सिद्धान्त याच पायावर उभा राहिला. पण यात एक अट आहे. लिफ्ट लहान हवी. ती मैलोगणती रुंद केली आणि दोन टोकांना दोन चेंडू सोडले, तर पृथ्वीवर ते पडता पडता किंचित एकमेकांकडे सरकतील, कारण दोघांनाही पृथ्वीचे केंद्र ओढते. अवकाशातल्या लिफ्टमध्ये ते समांतर पडतील. लहान खोलीत न दिसणारा फरक जागा वाढताच दिसू लागतो.

आमची बार रूम ही अशीच लहान लिफ्ट आहे. कोट तोच, चहा तोच, म्हणून सगळे सारखे. मी वकिली सुरू केली तेव्हा भाड्याने खोली शोधत होतो. वकील आहे म्हटल्यावर घरमालक खूश झाले. आडनाव सांगितल्यावर त्यांना एकाएकी आठवले की, पुढच्या आठवड्यात पुतण्या राहायला येणार आहे. खोलीबाहेरचे जग त्या 'सारखे' शब्दात धरलेले नसते. भाड्याचे घर, लग्नाची बोलणी, गावचे स्मशान येथे चेंडू कसे पडतात ते पाहावे लागते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अ हा ब च्या समतुल्य असेल तर ब हा अ च्या समतुल्य असलाच पाहिजे, ही गणिताची अट आहे. एकतर्फी समतुल्यता गणितात नसते. जातिव्यवस्था मात्र एकतर्फीपणावरच उभी आहे, म्हणून बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा मात्र तळे बाटले आणि शेण-गोमूत्र टाकून त्याचे शुद्धीकरण झाले. पाणी तेच होते. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

कागदावर दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा नियमही फसवा असू शकतो. अमेरिकेत १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रेल्वेडबे वेगळे ठेवणारा कायदा 'वेगळे पण समान' म्हणून वैध ठरवला. काळ्यांना गोऱ्यांच्या डब्यात बंदी, तशी गोऱ्यांनाही काळ्यांच्या डब्यात. हा नियम कोणाला दूर ठेवण्यासाठी आहे हे साऱ्या देशाला ठाऊक होते. शाळांच्या बाबतीत हे तत्त्व मोडीत निघायला १९५४ साल उजाडले.

आपल्याकडचे ताजे उदाहरण पाहा. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी १०३ वी घटनादुरुस्ती वैध ठरवली. आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण मिळाले, पण अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्यातील गरीब त्यातून वगळले गेले. अल्पमतातील दोन न्यायमूर्तींनी या वगळण्यालाच हरकत घेतली. 'गरीब तो गरीब, त्यात जात कशाला पाहता?' असे आपल्याला ऐकवणारेच गरिबांची यादी करताना जात पाहतात. त्यांना आधीच आरक्षण आहे, असे उत्तर दिले जाते. पण ते आरक्षण जातीने लादलेल्या अन्यायासाठी आहे. मग यांच्या गरिबीचे काय? दोन्ही बाजूंनी पाहिले की हा हिशेब जुळत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व मान्य होईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एक माणूस एक मूल्य हे तत्त्व नाकारले जाईल. मतपेटीपाशी सारखे, पाणवठ्यापाशी नाही. कशात सारखे हा प्रश्न त्यांनी तेव्हाच देशापुढे ठेवला होता.

त्या दुपारी मी मित्राला तेवढेच विचारले, "सारखे झालो ते नेमके कशात?" त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून उठले. उत्तर अजून आलेले नाही. आपल्या विहारांत, अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींनी हे तीन प्रश्न पाठ करून ठेवावेत. चिडण्यापेक्षा ते विचारलेले बरे.