वाटेत बंद पडलेली गाडी घरी कशी आणावी?

आपल्या परभणी जिल्ह्यातील काळ्या रानाच्या वाटेवर बैलगाडीचा आख मोडला, म्हणजे जाणता शेतकरी प्रथम काय करतो? तो गाडीस हात लावीत नाही. तो बैल सोडतो, त्यांस सावलीत बांधून वैरण घालतो, आणि मग गाडीभोवती फिरून काय मोडले ते पाहतो. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. मोटारगाडीचा प्रवास करणाऱ्यांनीही तो ध्यानी धरण्याजोगा आहे.

अलीकडे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारी आपल्याकडे दिसू लागल्या आहेत. त्यांस कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा प्रवासाकरिता धोरणही जाहीर केले. आता अशी कल्पना करू की, परभणीचे एक कुटुंब कोकण पाहून अशा गाडीतून परत येत आहे. कल्याण सोडून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताना इंजिन तापले, वाफ निघाली व गाडी थांबली. पुढे अहिल्यानगर, पाथर्डी, गेवराई, माजलगाव, पाथरी, मानवत अशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट उरली आहे. अशा वेळी काय करावे?

पहिली गोष्ट माणसांची. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चमकणारे दिवे लावावे व इशाऱ्याचा लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा. मुलांना व वृद्धांना गाडीत बसवून ठेवू नये. कारण मागून येणाऱ्या भरधाव वाहनाचा धोका गाडीच्या दोषापेक्षा कितीतरी मोठा असतो. रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे निर्धोक जागा असल्यास त्यांस तेथे न्यावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व कोणत्याही संकटात ११२ या क्रमांकावर साहाय्य मागता येते.

दुसरी गोष्ट दोषाच्या परीक्षेची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लागलीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे ते १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण निघताच दाब सुटून ते उसळते आणि हात व तोंड भाजते. इंजिन पुरते निवू द्यावे, मग पाण्याची नळी फुटली आहे की पट्टा तुटला आहे ते पाहावे. कित्येक दोष क्षुल्लक असतात. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर, गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा त्यांस चांभाराकडून चामडे लावून घेतले. आणि काही दिवसांनी त्याच गाडीतून ती घरी परतली. परंतु पाणी आटल्यावरही इंजिन चालत राहिले असेल, तर आतील भाग बिघडलेले असण्याचा संभव असतो. तेथे पिनेचे काम नाही.

अशा वेळी पुष्कळांस सुचणारा उपाय म्हणजे दोर बांधून ओढणे, ज्यास आपल्याकडे ‘टोचन’ म्हणतात. जवळच्या गॅरेजपर्यंत तो ठीक आहे, दूरच्या वाटेस नाही. १९८९ च्या वाहतूक नियमांत ओढण्याचा वेग ताशी २४ किलोमीटरांहून अधिक नसावा व दोन वाहनांतील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावे, असे घातले होते. या वेगाने तीनशे किलोमीटर जावयाचे म्हणजे साडेबारा तास! शिवाय इंजिन बंद असता ब्रेकला मिळणारे साहाय्य दोनचार दाबांतच संपते आणि सुकाणूही जड होते. मग उतारावर मागची जड गाडी पुढच्या गाडीवर आदळावयास कितीसा वेळ? स्वयंचलित गिअरच्या बहुतेक गाड्यांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या गिअरपेटीत तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरविली, तर पेटी तेलावाचून झिजते. म्हणून ज्या चाकांस इंजिनाची शक्ती पोचते ती तरी उचलावी लागतात, नाहीतर सबंध गाडी सपाट पाटाच्या मालमोटारीवर चढवावी लागते. लांबच्या वाटेस हा दुसरा मार्गच उत्तम.

चढविण्यापूर्वी तीन कामे करावी. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बंद करावी. पाण्याची टाकी रिकामी करावी. कारण ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो हिंदकळणारे ओझे होय. नंतर गाडीच्या उंचीत मालमोटारीच्या पाटाची उंची मिळवून पाहावी, म्हणजे रेल्वेच्या पुलाखाली छत अडकणार नाही. भाडे, टोल, थांबण्याचा आकार व नुकसानीची जबाबदारी लिहून घ्यावी आणि गाडीची छायाचित्रे काढून ठेवावी. विम्यात वाहून नेण्याची सोय असल्यास ती किती अंतरापर्यंत आहे, हे निघण्यापूर्वीच वाचलेले असावे. आपल्या भागाकडे रिकामी परतणारी मालमोटार मिळाली, तर भाडे कमी पडण्याचा संभव असतो. मात्र त्यासाठी दोनचार दिवस थांबण्याची तयारी हवी.

आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. गाडी घरी आणणे म्हणजे एक प्रवास नव्हे, दोन प्रवास होत. माणसांनी कल्याणला परतून मनमाडमार्गे परभणीस जाणारी आगगाडी धरावी. गाडी विश्वासाच्या जागी ठेवून मागाहून आणावी. हे दोन प्रवास एकत्र करण्याच्या हट्टापायी लोक दमलेल्या चालकाला रात्री दोर धरावयास बसवितात, आणि जे नुकसान पैशाने भरून निघाले असते ते न भरणारे होऊन बसते. गाडी वाटेत टाकून आल्याची लाज कोणी बाळगू नये.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील सुटीत घरची मंडळी प्रवासास निघतील, तेव्हा एका कागदावर गाडीची उंची, इंजिनावर फिरणारी चाके पुढची की मागची, आणि विमा कंपनीचा साहाय्य क्रमांक लिहून तो वडिलांजवळ द्या. कदाचित त्याची गरज पडणार नाही. पडलीच, तर आपल्या रानातील तो शेतकरी आठवा : आधी बैल सोडावे, मग आख पाहावा.