संकल्प आणि सिद्धि



कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जातांना वैशाखरे नांवाचें गांव लागतें. तेथून जवळच नाणेघाटाची जुनी वाट सुरू होते. पायथ्याशीं उभें राहून वर पाहिलें, तर ‘नानाचा अंगठा’ म्हणतात तो कडा आकाशांत उठून दिसतो. पण एकदां रानांत शिरलें, कीं तो अंगठा झाडींत नाहींसा होतो. मग चढणाऱ्याच्या दृष्टीसमोर उरते ती पुढच्या दहा पावलांची वाट. मनुष्याच्या ध्येयाचेंहि असेंच आहे. दुरून तें स्पष्ट दिसतें. कामाला लागलें, कीं दिसेनासें होतें. आणि बहुतेक जण नेमके तेथूनच माघारे फिरतात.

पाडव्याला आपण संकल्प करतों. कोणी कारकून खात्याची परीक्षा देण्याचें ठरवितो. कोणी गृहिणी अर्ध्यावर सुटलेलें शिक्षण पुरें करण्याचें मनांत आणते. आषाढ उजाडतो तों पुस्तकांवर धूळ बसलेली असते. याचें खापर आपण आळसावर फोडतों. पण तेवढें कारण पुरेसें नाहीं. अशा संकल्पांत इच्छा असते, वाट मात्र आंखलेली नसते.

वाट कशी आंखावी, हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें. कर्वे १८५८ सालीं जन्मले. मुरूडचा हा मुलगा सरकारी परीक्षेसाठीं शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेला. तेथें ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं’ म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तो परत आला आणि पुढें कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. ठिकाण बदललें, वर्ष लोटलें, पण हेतु सुटला नाहीं.

पुढें फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक असतां, १८९३ सालीं, त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला आणि गांवाचा बहिष्कार सोसला. त्याच वर्षीं विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठीं त्यांनीं मंडळी स्थापिली. परंतु केवळ विवाहानें हा प्रश्न सुटणार नाहीं, स्त्री आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, हें त्यांच्या ध्यानीं आलें. म्हणून १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्यास, एका साध्या झोंपडींत गेला. दिवसभर कॉलेजांत शिकवून कर्वे संध्याकाळीं पायीं हिंगण्याची वाट धरीत. १९०७ सालीं महिला विद्यालय झालें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, तेव्हां विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच. त्या विद्यापीठास १९५१ सालीं कायदेशीर मान्यता मिळाली, त्या वेळीं कर्वे ९३ वर्षांचे होते.

या हकीकतींतून आपणांस घेण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली ही, कीं ध्येय मोठें असलें तरी पुढचा टप्पा आवांक्यांतला असावा. १८९६ सालीं विद्यापीठाचा आराखडा काढीत बसते, तर आश्रमहि निघाला नसता. दुसरी ही, कीं कामाला दिवसाची वेळ नेमून द्यावी. ‘सवड मिळाली कीं वाचीन’ म्हणणाऱ्यास सवड कधीं मिळत नाहीं. ‘दिवेलागणीनंतर एक तास’ म्हणणाऱ्यास ती सांपडते. आणि महिनाअखेर आपल्या प्रगतीचा जमाखर्च आंकड्यांत लिहावा. नाणेघाटाच्या माथ्यावरील सातवाहनकालीन शिलालेखांत यज्ञांतल्या दानांची मोजदादहि आंकड्यांनिशीं कोरलेली आहे. ‘पुष्कळ वाचलें’ यापेक्षां ‘चार प्रकरणें वाचलीं’ हें वाक्य अधिक प्रामाणिक असतें.

तिसरी गोष्ट अवघड आहे. साधन बदलावें, साध्य सोडूं नये. आणि या दोहोंतला भेद स्वतःशीं खोटें न बोलतां ओळखावा. कर्व्यांनीं मार्ग बदलला तो अधिक कठीण कामाकडे वळण्यासाठीं. आपण बदलतों तो पुष्कळदां सुटका करून घेण्यासाठीं. बदलाचा विचार मनांत आला, तर ‘यानें माझे श्रम वांचतात, कीं माझा हेतु साधतो?’ एवढेंच स्वतःस विचारावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एकाच्या ध्येयाची किंमत घरांतल्या सर्वांना द्यावी लागते. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनीं संसाराची ओढाताण कशी सोसली, हें त्यांच्या ‘माझें पुराण’ या आत्मचरित्रांत वाचावयास मिळतें. त्या स्वतः आश्रमाच्या कार्यांत सहभागी होत्या, म्हणून तें ओझें दोघांचें झालें. तेव्हां रात्रीं अभ्यासाला बसणाऱ्या गृहस्थानें प्रथम घरांत विचारावें, कीं त्या वेळीं मुलांकडे कोण पाहील? आणि पत्नीनें शिकावयाचें ठरविलें, तर तोच प्रश्न त्यानें स्वतःस विचारावा. घराच्या संमतीवांचून केलेला संकल्प शेजघरांतच मोडतो.

नाणेघाट चढणारा मध्येंच दमून बसतो, तेव्हां त्याला अंगठा दिसत नसतो. पण मागें वळून पाहिलें, तर वैशाखऱ्याचीं घरें खालीं लहान झालेलीं दिसतात. आपण किती चढलों याची ती खूण होय. तेवढी पाहावी, घोटभर पाणी प्यावें, आणि पुढचीं दहा पावलें टाकावीं.