बंदूक गाडीत असेल तेव्हा

पनवेल हे रस्त्यांचे गाव. सायन-पनवेल महामार्गाने मुंबई गाठावी, कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जावे, नाहीतर पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरावे. याच गावात नेमबाजीचा खेळही रुजला आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत आहे. आपल्या घरांतील मुले-मुलीही आता या खेळाची चौकशी करू लागली आहेत.

एअर रायफलपर्यंत घरच्यांना फारशी काळजी नसते. 0.177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण मुलगा ट्रॅप किंवा स्कीटकडे वळला, म्हणजे हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरू लागला, की हातात बारा बोअरची दुनळी शॉटगन येते. तिला परवाना लागतो. शिवाय हा खेळ बंद हॉलमध्ये होत नाही. त्याला मोठे मोकळे मैदान लागते आणि स्पर्धांसाठी दिल्लीच्या तुघलकाबादपर्यंत किंवा जयपूरच्या जगतपुऱ्यापर्यंत जावे लागते. म्हणजे बंदूक रस्त्यावर आलीच.

इथेच घरातली अम्मी विचारते, "नाकाबंदीत गाडी अडवली, डिकीत बंदूक निघाली आणि आपले नाव विचारले, तर?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्या अनेक घरांत ही धास्ती आहे आणि ती उगाच आलेली नाही. पण भीतीपोटी मुलाला खेळापासून तोडणे हा उपाय नव्हे. उत्तर प्रदेशातील खुर्जा गावच्या मेराज अहमद खान यांनी 2016 आणि 2020 च्या अशा दोन ऑलिम्पिक स्पर्धांत स्कीटमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आणि 2022 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्णपदक जिंकले. बंदूक घेऊन प्रवास त्यांनाही करावा लागतोच. खरा उपाय एकच: कायदा नीट माहीत असणे आणि तो तंतोतंत पाळणे.

शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि त्याखालचे नियम 2016 चे. सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी नेता येत नाही. ती खास तिच्यासाठी बनवलेल्या पिशवीत किंवा पेटीत, पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. शॉटगन मधून उघडून तिचे भाग सुटे करता येतात. ते सुटे करूनच पेटीत ठेवावेत, नळ्या रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात न्यावीत. जेवायला थांबलात तर सगळ्यांनी एकदम उतरू नये. नमाजही आळीपाळीने पढावी, पण परवानाधारकाची बंदूक बेवारस सोडू नये.

परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. कोणाचा जिल्ह्यापुरता, कोणाचा राज्यापुरता, तर कोणाचा देशभरासाठी. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन राजस्थानात उतरणे हा गुन्हा ठरू शकतो. पनवेल जिल्ह्याने रायगडात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे आहे. त्यामुळे इथल्या परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे आणि आयुक्तालयाबाहेरच्या रायगडचे अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. घर बदलले की ते कळवणे आलेच.

अब्बांच्या नावावर परवाना आहे म्हणून बंदूक घरातल्या कोणीही न्यावी, असे नाही. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तरच दुसऱ्याला ती नेता येते. तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. 21 वर्षांखालील मुलाच्या हाती बंदूक देऊन "तू हो पुढे मैदानावर" असे सांगणे म्हणजे मुलाला आणि स्वतःलाही अडचणीत टाकणे होय.

मैदानावरून परतताना वाटेत कोणाचा वलीमा असतो, कुठे उरूस असतो. तिकडे बंदुकीसह वळू नये. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जमाव आणि शाळा-कॉलेजचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटीच मनाई करतात. आणि लग्नात आनंदाने बार उडवण्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत.

पनवेलकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेणकडे जाणारा मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. तेव्हा वनखात्याला आधी विचारून त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे, नाहीतर खोपोलीवरून पेणला जावे. गावाकडे शेतराखणीची जुनी बंदूक असलेल्या आपल्या कोकणी कुटुंबांनाही हे लागू आहे.

आता नाकाबंदीचे. परवाना पाहायला मागण्याचा पोलिसांना कायद्याने अधिकार आहे. काच खाली करावी, हात दिसतील असे ठेवावेत आणि त्यांनी विचारण्याआधीच सांगावे, "साहेब, डिकीत परवान्याची बंदूक आहे, रिकामी आहे, कागद हे." मूळ परवाना, क्लबचे ओळखपत्र आणि स्पर्धेचे पत्र एकाच फाईलमध्ये असावे. पेटी आपण उघडू नये. उघडायला सांगितले तरच उघडावी. हुज्जत घालू नये, पण लाचारही होऊ नये. बंदूक जप्त झालीच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि वकिलाला कळवावे.

हे सारे सरकारी नियम वाटतील. पण आपल्याला ते नवे नाहीत. नेमबाजी शिकण्याची प्रेरणा प्यारे नबी (स.) यांनीच दिली. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की, बाण घेऊन मस्जिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. शस्त्र आपल्या भावावर रोखण्यासही मनाई आहे, कारण सैतान केव्हा हात हलवील याचा नेम नाही. बाणांच्या जागी आज काडतुसे आली, पण जबाबदारी तीच राहिली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या हातून सुरक्षित राहिला पाहिजे. मुलाला नेम धरायला शिकवण्याआधी पेटीला कुलूप लावायला शिकवा. अल्लाह आपल्या मुलांना यश देवो आणि त्यांना सलामत घरी आणो. आमीन.