जुनं घर पावसात बघावं
कोकणातलं जुनं कौलारू घर विकत घेऊ पाहणारे अनेकजण ते दिवाळीनंतर नाहीतर आंब्याच्या दिवसांत बघायला जातात. अंगण कोरडं असतं, भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो, ओटीवर वारा असतो. व्यवहार तिथेच ठरतो आणि गळती, ओल, वाळवी पहिल्या पावसाळ्यात समोर येते. मग विकणाऱ्याने फसवलं अशी तक्रार सुरू होते. क्वचित ती खरीही असते. पण बरेचदा घोळ घर बघण्याच्या पद्धतीत असतो. पन्नास-शंभर वर्षांच्या घरात दोष असणारच. त्यांची यादी करून प्रत्येकापुढे दुरुस्तीचा खर्च मांडला की तपासणी झाली, असा समज आहे. खरं तर दोष कुठून आला आणि त्याचं मूळ बंद करता येईल का, हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नसतो. कोकणात हे मूळ बहुधा पाण्याच्या वाटेवर सापडतं.

ही तपासणी घेणाऱ्यानेच करायची असते, कारण कायद्याचा आधार तोकडा आहे. नव्या इमारतीत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा कायद्याखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो; जुन्या घराच्या विक्रीला हे संरक्षण नाही. तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याच्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष उघड करणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हणजे नीट पाहिलं असतं तर दिसला असता, असा दोष घेणाऱ्याच्या पदरात पडतो. वाकलेलं आढं किंवा भिंतीला चढलेली ओल ही सहसा याच प्रकारात मोडते.

मग बघायचं काय? रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. तो झेलणारी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, लाकडी वाशांची आणि कौलांची. हे छप्पर दरवर्षी उघडून नीट करायचं, या हिशेबानेच बांधलेलं असतं. पावसाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. म्हणून मालकाला पहिला प्रश्न घराच्या वयाचा न विचारता शेवटची शाकारणी कधी झाली, हा विचारावा. मुंबईकर वारसांचं बंद घर तीन-चार पावसाळे तसंच राहिलं असेल, तर एका सरकलेल्या कौलातून आलेलं पाणी वाशातून तुळईपर्यंत पोहोचलेलं असू शकतं. वासा मधोमध बघून काही कळत नाही. तो भिंतीत जिथे शिरतो तिथे आणि पागोळीकडच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. टोक सहज आत गेलं तर लाकूड आतून गेलेलं आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा खांबावरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली, तर वाळवी लागली असं समजावं. चार वासे बदलणं सुताराचं नेहमीचं काम आहे. पण पाण्याची वाट तशीच राहिली तर बदललेले वासेही पुन्हा कुजतील.

भिंतींचंही तसंच. जांभा सच्छिद्र असतो, तो ओल शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत आणखी वर सरकते. पांढरे क्षार आणि फुगलेले पापुद्रे दिसतात, तेव्हा पुन्हा गिलावा करणं हा उपाय ठरत नाही. मागच्या अंगणाचा उतार फिरवला, जोत्याभोवती गटार काढलं आणि भिंत मोकळी केली, तर तीच भिंत सुधारू शकते. जुन्या घरात बरेचदा दुरुस्तीच दोष वाढवते, आणि नवा गुळगुळीत गिलावा पाहून निर्धास्त होण्याऐवजी तो कशासाठी केला, हे विचारावं लागतं.

यावर एक आक्षेप असा, की एवढी उठाठेव कशाला, घर पाडून स्लॅबचं बांधावं. ज्याला फक्त जागाच हवी आहे त्याने तसं जरूर करावं. पण मग जुन्या घराचा भाव देऊ नये. शिवाय स्लॅब म्हणजे पाण्यापासून सुटका नव्हे. खाऱ्या हवेत आतलं लोखंड गंजतं, आणि गळणाऱ्या स्लॅबवर पत्र्याची शेड टाकलेली घरं किनारपट्टीवर जागोजाग दिसतात. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: पावसाळा संपेपर्यंत विकणारा थांबत नाही, दुसरं गिऱ्हाईक घर घेऊन जातं. हे खरं आहे. पण साठेखतात थोडीच रक्कम देऊन, इंजिनिअरच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास ती परत मिळेल आणि खरेदीखत पावसाळ्यानंतर होईल, अशी अट घालता येते. तेही जमत नसेल, तर इंजिनिअरबरोबर गावातला जाणता सुतार न्यावा. पावसाच्या खुणा उन्हाळ्यातही वाचता येतात.

एका दोषावर मात्र सुताराचा आणि गवंड्याचा इलाज चालत नाही, तो म्हणजे कागदाचा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. फेरफार नोंदीनेही मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर वीस नावं असताना एकाच भावाने सही केली, तर त्याच्या हिश्शापलीकडे काही मिळत नाही. आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेणाऱ्या परक्याला सामायिक ताबा मागता येत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा हक्क गृहीत न धरणं ही तर नेहमीची चूक. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल, तर 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी वकिलाकडून कागद तपासावेत, मग पाण्याच्या वाटा, आणि रंग-लाद्या सगळ्यात शेवटी. कागद साफ असतील आणि पाणी वळवता येत असेल, तर डोळ्यांना भकास दिसणारं घरही घेण्याजोगं आहे. दुरुस्तीचा खर्च मांडून भाव तेवढा कमी करून मागावा. सगळे वारस सही करायला तयार नसतील, तर कितीही देखणं घर असो, इसार देऊ नये.